नयन भोईरचं पोट

नयन भोईरच्या हाताला डोंबिवली एमआयडीसीच्या मागचं अख्खं गाव वचकून असे. नयन मात्र वचकून असे तो स्वतःच्या पोटाला. हे त्याच्या बायकोशिवाय, कल्पिताशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पस्तिशीचा गडी. बापाची भातशेती आधी कारखान्यांत आणि मग टॉवरांत गेली. उरलेल्या जागेवर नयनने रेती, विटा, डबर पुरवायचा धंदा टाकला होता. तरुणपणी तो कबड्डीत चढाईला जायचा. समोरच्याच्या छातीवर टाच हाणून परत यायची त्याची रीत जिल्ह्यातल्या मैदानांवर माहीत होती. खेळ सुटला, ती टाच अंगातून गेली नाही. एकदा साइटवर माल उतरत असताना तो सकाळपासून कितव्यांदा तरी संडासाकडे पळाला, तेव्हा डंपरवरचा ड्रायव्हर हसत म्हणाला, "शेठ, आज गाडी लूज हाय काय?" नयनने त्याला कॉलरला धरून केबिनमधून खाली ओढलं आणि त्याचं तोंड टायरवर आपटलं. दात पडले, रक्त विटांवर सांडलं. शेठचं डोकं गरम आहे, असं लोक म्हणाले. शेठ घाबरलाय, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दुखणं जुनं होतं. जेवण झालं की बेंबीच्या उजव्या अंगाला गोळा उठायचा, आत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तशी कळ यायची, आणि मग जुलाब. अंग झडत चाललं तेव्हा डोंबिवलीतल्या एका डॉक्टरने आतड्याचा टीबी म्हणून औषधं सुरू केली. त्या गोळ्यांनी महिनोन् महिने लघवी लाल होत राहिली, पण पोटाला उतार पडला नाही. शेवटी कल्पिताने त्याला ठाण्याला नेलं. तिथे दुर्बीण घालून आतडं तपासलं आणि तुकडा काढून पाहिला. डॉक्टर विनिता सावंत नावाच्या सर्जनबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "याला क्रॉन्स म्हणतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तुमच्याच आतड्यावर उठतात. जखमा होतात, भरतात, पुन्हा होतात. प्रत्येक वेळी आतडं आतून जाड होत जातं, वाट अरुंद होत जाते. औषध थांबवलंत तर एक दिवस ती वाट बंद होईल."

औषधाने चेहरा सुजला. गावात लोक म्हणू लागले, नयनशेठ भरला, तब्येत सुधारली. कळा कमी झाल्या, आणि नयनने गोळ्या बंद केल्या. कल्पिताने विचारलं तेव्हा तिचं मनगट धरून तो म्हणाला, "मला रोग हाय, हे या घराच्या बाहेर गेलं ना, तर तुझं-माझं संपलं. कबड्डीतला नयन म्हणून वळखतात मला. हगरा म्हणून नाय वळखायचं कोणी." तिने शपथ घेतली. तिला त्याच्या रागाची भीती होतीच, पण त्याहून जास्त त्याची कीव येत होती. हळदीच्या मांडवांत तो मटणाच्या ताटावर बसायचा, चार घास गिळायचा आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून मागच्या दाराने निघून यायचा. ती त्याच्यासाठी पेज करून ठेवायची.

भांडण होतं ते घरातल्या घरात. नयन आणि त्याचा धाकटा भाऊ प्रितम यांची आई लहानपणीच गेली होती. त्यांना वाढवलं काकीने, ठमाबाईने. तिचा मुलगा चांगदेव आणि हे दोघे एका ताटात जेवले, एका संघात खेळले. नयन चढाईला जायचा आणि चांगदेव मागे पकडीला उभा असायचा. काका, नाथा, जिवंत होता तोवर सगळं त्याच्या शब्दावर चाललं. तो गेला आणि सामाईक जागेवर कुंपणाचे खांब कुठे रोवायचे यावरून दोन घरांत तोंडं वाकडी झाली. चांगदेव म्हणायचा, खांब आंब्याच्या पलीकडे. प्रितम म्हणायचा, अलीकडे. जेसीबी नयनचा, म्हणून गावालाही वाटायचं की शेवटी खांब नयन म्हणेल तिथेच बसणार.

त्या आठवड्यात नयनचं पोट फुगत गेलं. आधी कळा यायच्या आणि जायच्या, मग त्या जाईनाशा झाल्या. जुलाब थांबले. त्याला वाटलं, बरं झालं. पण संडासलाच होईना, वारासुद्धा सरेना. खाल्लेलं उलटून पडू लागलं. उघड्या पोटावर आतली आतडी वळवळताना कल्पिताला दिसायची, कातडीखाली काहीतरी बाहेर यायला धडपडत असावं तशी.

"ठाण्याला जाऊ," ती म्हणाली. "आत्ता."

"दुपारी खांब रोवायचे हायत. मी नसलो तर चांग्या बोलेल, घाबरला."

"पोट बघ तुझं!"

"गॅस हाय." असं म्हणून त्याने सैल शर्ट चढवला आणि गेला.

जागेवर दोन्हीकडची माणसं जमली होती. चांगदेव खड्ड्यात पाय सोडून बसला होता, जेसीबीच्या समोरच. "आधी माझ्यावरून चालव," तो म्हणाला. प्रितमने त्याला आईवरून शिवी दिली. चांगदेवने ती परत केली. चांगदेवच्या त्या आईनेच प्रितमलाही भरवलं होतं, हे बहुधा कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. नयन पुढे झाला आणि त्याने चांगदेवच्या कानशिलात ठेवून दिली. चांगदेव उठला. दोघे एकमेकांत गुंतले, धुळीत लोळले. चांगदेवचा गुडघा नयनच्या पोटात बसला. फार जोरात नव्हे, मैदानात याहून कितीतरी जबर मार दोघांनी खाल्ला होता. पण नयनच्या तोंडून असा आवाज निघाला की जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. तो पालथा पडला आणि ओकला. आधी हिरवं, मग तपकिरी, आणि त्याला असा वास होता की जवळची माणसं तोंड दाबून मागे सरकली.

"मारला!" प्रितम ओरडला. "माझ्या भावाला मारला यानं! पोट फोडलं!"

चांगदेव गुडघ्यावर बसून नयनचं डोकं उचलायला बघत होता. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं.

ठाण्याच्या रुग्णालयात नेईपर्यंत नयनची शुद्ध येत-जात होती. नाकातून नळी घातली, आणि ती पोटातली घाण बाटलीत ओतत राहिली. पोट दगडासारखं कडक झालं होतं. कल्पिताने डॉक्टर विनितांना आजाराचं सगळं सांगितलं. फोटो काढले, बाईंनी ते बघितले आणि एवढंच म्हणाल्या, "लगेच उघडावं लागेल." स्ट्रेचर दारातून आत जात असताना नयनने कल्पिताचं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी होती, पण पकड जुनीच होती.

"प्रितमला नाय सांगायचं," तो म्हणाला. "कोणाला नाय. शपथ हाय तुला."

दार मिटलं. बाहेर प्रितम येरझारा घालत होता. त्याने विचारलं, "वयनी, डॉक्टर काय बोलली? काय झालंय त्याला?"

कल्पिताने तोंड उघडलं. मनगटावर पाच बोटं अजून उमटलेली होती. ती म्हणाली, "आतडं बंद झालंय."

"मारानं ना?"

ती काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ प्रितमने त्याच्या मनाप्रमाणे लावला आणि तो जिना उतरून गेला.

आत नयनचं पोट चिरलं जात होतं, त्याच वेळी गावात प्रितम पाच-सहा जणांना घेऊन काकीच्या अंगणात शिरला. चांगदेव जेवायला बसला होता. त्याला ताटावरून उठवून बाहेर आणला. ठमाबाई मध्ये पडली, तिला कुणीतरी ढकललं, तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. प्रितमच्या हातात खड्डे खणायची लोखंडी पहार होती. पहिला घाव खांद्यावर बसला. चांगदेव पडल्यावर दोघांनी त्याचा उजवा पाय ताणून धरला आणि प्रितमने पहार दोन्ही हातांनी उचलून गुडघ्यावर आणली. एकदा, आणि मग पुन्हा. हाड फुटल्याचा आवाज पलीकडच्या घरात ऐकू गेला. "याच गुडघ्यानं मारलास ना!" प्रितम ओरडत होता. "याच गुडघ्यानं!" चांगदेव ओरडत नव्हता. तो आईकडे बघत होता. कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं होतं आणि ती चाचपडत त्याच्याकडे सरपटत येत होती.

तिथून प्रितम सरळ पोलीस चौकीत गेला आणि चांगदेवने नयनला जिवे मारायचा प्रयत्न केला अशी तक्रार दिली. चांगदेवला दवाखान्यात नेलं, आणि त्याच्या खाटेशेजारी शिपाई बसला.

नयन शुद्धीवर आला तेव्हा पहिल्यांदा त्याचा हात पोटावर गेला. उजव्या बाजूला काहीतरी ऊनऊन, लिबलिबीत लागलं. चादर सारून त्याने पाहिलं. पोटाला पारदर्शक पिशवी चिकटवलेली होती, आणि तिच्या आत त्याच्या आतड्याचं तोंड, लाल, ओलं, हलत होतं. त्यातून पिवळं पाणी गळत होतं. त्याने पिशवी ओरबाडली. नर्सने हात धरले, त्याने तिला झटकलं, टाके ताणले, आणि तो गुरासारखा ओरडला. दोन वॉर्डबॉयनी त्याला दाबून धरलं आणि नर्सने सुई दिली.

पुढच्या वेळी डोळे उघडले तेव्हा प्रितम उशाशी होता. "दादा, टेन्शन घेऊ नको," तो वाकून हळूच म्हणाला. "चांग्याचा बंदोबस्त केला. गुडघा फोडला साल्याचा. आयुष्यात उभा नाय राहणार. केस पण टाकलीय, मर्डर करायला बघत होता म्हणून. पोलीस येतील, तू फक्त बोल, त्यानं मारल्यामुळं आतडं फुटलं. जागा आपलीच."

नयनला बोलता येईना. नळीने घसा सोलला होता. प्रितम त्याचा हात थोपटून गेला.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर विनिता आल्या. नयनने खरखरत्या आवाजात विचारलं, "बाई, हे मारानं झालं काय?"

त्यांनी फोनमधला ऑपरेशनचा फोटो उघडून समोर धरला. स्टीलच्या ट्रेमध्ये कापलेलं आतडं होतं. "ही वरची बाजू बघा. सगळं तुंबून सायकलच्या ट्यूबसारखी फुगलेली, फाटायच्या बेतात. आणि हा खालचा भाग. यातून माझी करंगळीसुद्धा जात नव्हती. अशी वाट एका दिवसात अरुंद होत नाही, त्याला वर्षं लागतात. तुम्हाला कुणी बोटही लावलं नसतं तरी तुम्ही इथेच आला असता. किंवा आला नसता."

"हे तुमी लिहून दिलंय?"

"केसपेपरात आहे. पोलिसांनी विचारलं की त्यांनाही सांगणार. पण आधी ते तुमचा जबाब घेतील."

त्या गेल्या. कल्पिता खिडकीशी उभी होती. नयनने तिच्याकडे पाहिलं.

"तू प्रितमला का नाय बोललीस?"

ती जवळ आली आणि मनगट त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. वळ आता निळे पडले होते.

"त्यानं विचारलं तेव्हा हे हातावर होतं," ती म्हणाली. "तू कापायला जाताना पण माझं तोंड दाबून गेलास. चांगदेवभावजींचा पाय गेला, नयन. काकीच्या कपाळाला टाके पडले. एक शब्द बोलले असते तर वाचले असते. नाय बोलले मी. का, तर तुला कोणी हगरा बोलू नये म्हणून."

नयनने स्टूलवरचा स्टीलचा पेला उचलून भिंतीवर फेकला. पेला ठणठणत खाटांखाली गेला, शेजारचा म्हातारा दचकून उठला. कल्पिता हलली नाही. "अजून काय फेकायचं हाय?" तिने विचारलं. नयनने चादर तोंडावर ओढली. चादरीखाली तो बराच वेळ हुंदके दाबत होता, आणि प्रत्येक हुंदक्याला टाके त्याला आतून ओरबाडत होते.

जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा प्रितमही मागोमाग आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"आधी मी हात उचलला," नयन म्हणाला. "चांगदेवचा गुडघा लागला, पण त्यानं काय झालं नाय. मला आतड्याचा आजार हाय. क्रॉन्स. जुना हाय. औषध मीच सोडलेलं. डॉक्टरीणबाईला विचारा."

हवालदाराचं पेन थांबलं. प्रितमचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग काळाठिक्कर.

"दादा, औषधाच्या गुंगीत हायस तू."

"नाय."

"अरे, मग मी कोणासाठी मारला त्याला?" प्रितम किंचाळला. त्याने खाटेचा लोखंडी गज धरून खाट गदागदा हलवली. "तू आजारी होतास तर बोलला का नाय? आता मी आत जाणार! तुझ्या हगण्यापायी मी जेलात जाणार!" तो नयनच्या गळ्यावर धावला. हवालदाराने त्याला मागून कव घातली, तरी त्याची बोटं नयनच्या मानेपर्यंत पोचली आणि नखांनी कातडी सोलून गेली. नयनने हात वर केला नाही. त्या दिवसापर्यंत त्याने कुणाचा मार न परतवता सोसला नव्हता.

प्रितमला अटक झाली. चांगदेववरची खुनाच्या प्रयत्नाची केस पुढे गळून पडली.

गावात परतल्यावर नयन घरी बसून राहिला. पिशवी भरली की रिकामी करायला कल्पिता शिकली होती, मग त्यालाही शिकवलं. पायात जरा बळ आल्यावर एका सकाळी त्याने लुंगीवर शर्ट घातला आणि काकीच्या घराकडे निघाला. कल्पिता म्हणाली, "मी येते." तो म्हणाला, "नको."

ठमाबाई अंगणात सुकट वाळत घालत होती. कपाळावर टाक्यांची रेघ होती. आत खाटेवर चांगदेव होता, पायात सळ्या घातलेला. नयन फाटकाशी उभा राहिला. म्हणाला, "काकी, चांग्याची काय चूक नव्हती. रोग माझा होता. मी लपवला."

म्हातारी उठली. हळूहळू त्याच्यापर्यंत आली आणि मग एकदम तुटून पडली. दोन्ही मुठींनी तिने त्याच्या छातीवर, खांद्यांवर, तोंडावर मारायला सुरुवात केली. "मना काकी बोलू नको! माजे पोराचा पाय फोरला! भरवला तुना या हातानं, भरवला!" नयन हात खाली सोडून उभा होता. एक मूठ पोटावर बसली, शर्ट वर गेला, आणि तिच्या बोटांत अडकून पिशवी सुटली. सगळं तिच्या हातांवर, त्याच्या लुंगीवर, अंगणातल्या सारवणावर सांडलं. वास पसरला. कुंपणाशी जमलेली माणसं मागे हटली. कुणीतरी हसलं.

ठमाबाई थांबली. ती त्याच्या पोटाकडे बघत होती. तिथे तो लाल गोळा उघडा पडला होता आणि आपोआप आकसत, फुलत होता.

"यो काय हाय?" तिने विचारलं.

"आतडं हाय, काकी. बाहेर काढून ठेवलंय."

ती हात तसेच धरून उभी राहिली. मग कुंपणाकडे वळून एवढ्या जोरात ओरडली की हसणारा पळाला. आत गेली, पाण्याची बादली आणि जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा घेऊन आली. हात धुतले, मग त्याला ओट्यावर बसवलं आणि पोटाभोवतीची घाण पुसू लागली. तान्ह्या पोराला पुसावं तशी नव्हे, रागाने, दात चावत, पण त्या लाल गोळ्याला फडकं लागू न देता.

आतून चांगदेवचा आवाज आला, "आये, त्याला घरात नको घेऊ."

"नाय घेत," ती म्हणाली. तिने फडक्याची घडी केली आणि नयनच्या हाताने ती त्या जागेवर दाबून धरायला लावली. "आता जा."

नयन गेला. गावभर बोभाटा झालाच. ज्या शब्दाला तो घाबरत होता तो शब्द पोरांनी त्याच्या पाठीमागे वापरला, पुढे तोंडावरही वापरला. त्याने ऐकून घेतलं. काही महिन्यांनी डॉक्टर विनितांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं आत घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली, ती आता जन्मभराची. धंदा अर्धा उरला. कल्पिता मात्र पहिल्यांदाच घरात मोठ्या आवाजात बोलू लागली. हळदीच्या आमंत्रणाला ती सरळ सांगायची, "येऊ, पण यांना मटण वाढू नका, पोटाचा आजार हाय."

प्रितमची केस कल्याणच्या कोर्टात उभी राहिली ती दोन वर्षांनी. तो जामिनावर बाहेर होता आणि भावाचं तोंड बघत नव्हता. त्या दिवशी चांगदेव काठी टेकत जिना चढत होता. गुडघा वाकत नव्हता, पाय एकेका पायरीवर फेकावा लागत होता. नयन खालून येत होता. दोन पायऱ्या मागे राहून तो त्याच्या चालीने चढू लागला, आणि त्याने हात पुढे केला नाही, कारण तो घेतला गेला नसता.

वर पोचल्यावर चांगदेवने कठड्याला टेकून दम घेतला. त्या दुपारनंतर तो नयनशी पहिल्यांदाच बोलला.

"सख्ख्या भावाच्या विरोधात बोलशील?"

"जे झालं ते बोलणार."

"आणि पहिला हात तू उचललास, ते?"

"ते पण."

चांगदेवने मान हलवली. ती कशासाठी, हे नयनला कळलं नाही. आतून पुकारा झाला. प्रितम वकिलाशेजारी बसला होता. नयन आत येताना त्याने पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली. नयन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली, आणि आवाज न चढवता सांगू लागला, पोटापासून.